‘घाबरून जाऊ नये’ : राख, भय आणि ‘अल्प’ हे विशेषण

एखादा पदार्थ लोकांच्या भीतीचा विषय झाला, की शासकीय प्रसिद्धिपत्रकात एक वाक्य ठरल्यासारखे येते : नागरिकांनी घाबरून जाऊ नये. या वाक्याची मराठी वाचकाला इतकी सवय झाली आहे, की त्याच्या घडणीकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः ‘घाबरणे’ आणि ‘घाबरून जाणे’ यांत भाषेने एक भेद राखलेला आहे. पहिले क्रियापद मनाची एक अवस्था सांगते. दुसऱ्यातील ‘जाणे’ हे त्या अवस्थेवरचा ताबा सुटल्याचे सुचविते. पत्रक लिहिणारा समोरच्याला भ्यालेला न मानता भीतीने वाहवत गेलेला मानतो, आणि हे तो त्याचे काही ऐकून घेण्यापूर्वीच ठरवितो. पुढचा ‘नये’ तर अधिकच बोलका आहे. ‘खोटे बोलू नये’, ‘दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये’ हे ज्या व्याकरणाने मुलांना शिकविले जाते, त्याच व्याकरणाने नागरिकाला भिऊ नये असे सांगितले जाते. भीती अशा रीतीने दुर्वर्तनाच्या रांगेत जाऊन बसते.

परंतु या वाक्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य असे, की ते विधानच नाही. अमुक विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या आत आहे, असे कुणी म्हटले तर ते खरे किंवा खोटे ठरू शकते. ते तपासता येते आणि खोटे निघाल्यास बोलणाऱ्याला जाब विचारता येतो. ‘घाबरून जाऊ नये’ हे कधीच खोटे ठरत नाही. जे खोटे ठरू शकत नाही ते बोलणाऱ्याला कशालाही बांधीत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही त्यातून काहीच मिळत नाही.

येथे उपस्थित होणारा नैतिक प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पदार्थ घातक द्रव्ये बाळगणारा आहे, पण त्यापासूनचा प्रत्यक्ष धोका कमी आहे; अशा वेळी भ्यालेल्या माणसाशी खरे आणि आदराने कसे बोलावे? धोका मोठा असेल तेव्हा सत्य आणि भीती एकाच बाजूला असतात. सत्य सांगणाऱ्याला फक्त धैर्य लागते. धोका कमी असतो तेव्हा सत्य हेच मुळात दिलासा देणारे असते, आणि म्हणून ते थोडे ताणण्याचा मोह होतो. ‘कमी’चे ‘नगण्य’ होते, ‘नगण्य’चे ‘नाही’. यातील प्रत्येक पायरी सद्हेतूने चढलेली असू शकते. सद्हेतूने सांगितलेल्या असत्याची चिकित्सा करणे कठीण, ते याच कारणाने.

अकोला जिल्ह्यातील एक उदाहरण या प्रश्नाला फार जवळचे आहे. बाळापूर तालुक्यात पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच असलेले औष्णिक वीजकेंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तीस ते पंचेचाळीस टक्के असते. म्हणजे जळलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक राख होऊन मागे उरतो. हिच्यात मुख्यतः सिलिका, अॅल्युमिना आणि लोहाची संयुगे असतात. सोबत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात. मोर्णेच्या पश्चिम तीरावरचे अकोल्याचे जुने शहर पारसपासून दूर नाही. असदगडाच्या आसपासचे एखादे पडके घर उतरवून नवे बांधू पाहणाऱ्या कुटुंबाला राखेची वीट घ्यावी की मातीची, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या परिघात मातीच्या विटांत किमान पंचवीस टक्के राख मिसळणे बंधनकारक केले, पुढे हा परिघ वाढत गेला आणि डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राखेच्या वापराची जबाबदारी वीजकेंद्रांवर टाकली. राख घरापर्यंत येणार हे धोरणाने केव्हाच ठरविले आहे. तिच्याविषयी बोलायचे कसे, हे मात्र कुणी ठरविलेले दिसत नाही.

कायद्याच्या भाषेकडे पाहावे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी उडती राख, फॉस्फोजिप्सम, लाल चिखल, जॅरोसाइट, धातुमळी यांचा एक वेगळा वर्ग कल्पिला आहे : प्रमाण प्रचंड, परिणाम अल्प. या वर्गाला घातक कचऱ्याच्या मुख्य अनुसूचीतून वगळण्यात आले. वर्गीकरण निराधार नाही. मूठभर राख आणि मूठभर कीटकनाशक यांना एका मापाने मोजणे शहाणपणाचे नव्हे. परंतु ‘अल्प’ हे विशेषण एकटे उभे राहू शकत नाही. त्याला छेद लागतो : कशाच्या मानाने, किती काळात, कुणासाठी? एका किलोमागे अल्प असलेला परिणाम लाखो टनांच्या ढिगाशी गुणला म्हणजे काय होते, याचे उत्तर त्याच संज्ञेच्या पहिल्या पदात, ‘प्रचंड’ या शब्दात, दडलेले आहे. संज्ञेची दोन पदे एकमेकांना तोलतात असा भास होतो. खरे पाहता ती एकमेकांना गुणतात.

‘कुणासाठी’ हा छेद तर पूर्णच गळालेला आहे. भिंतीत बसलेल्या, गिलावा झालेल्या राखेच्या विटेपासून घरात राहणाऱ्याला होणारा धोका खरोखर फार कमी आहे. राख तेथे बांधली गेलेली असते, उडत नाही, पाण्यात सहसा उतरत नाही. तीच वीट कोरडी कापणाऱ्या गवंड्याच्या श्वासात सिलिकेची बारीक धूळ जाते, जशी ती कोणतीही वीट किंवा काँक्रीट कापताना जाते. वीट ओली करून कापणे, तोंडाला फडके नव्हे तर नीट मुखपट्टी बांधणे हा त्यावरचा साधा इलाज आहे. वीटकारखान्यात कोरडी राख हाताळणाऱ्याचा धोका याहून मोठा. आणि राखेच्या बंधाऱ्याखाली ज्याचे शेत व विहीर आहे, त्याचा धोका निराळ्याच जातीचा, कारण तेथे प्रश्न राखेच्या घटकांइतकाच बांधाच्या मजबुतीचाही असतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत पसरले. त्याच वर्षाच्या आरंभी खापरखेडा केंद्राच्या नांदगाव येथील राखतलावाविरुद्ध गावकऱ्यांच्या तक्रारी तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांपर्यंत पोचल्या होत्या आणि तेथे राख टाकणे थांबविण्याचे आदेश निघाले होते. ‘अल्प’ हे विशेषण गिलाव्याआड राहणाऱ्याच्या बाबतीत खरे आहे. ते बंधाऱ्याखालच्या शेतकऱ्याला जसेच्या तसे ऐकविणे, हे एकाचे सत्य दुसऱ्याला खोटे म्हणून विकण्यासारखे आहे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एका परिचित संकल्पनेची आठवण होईल. भयानक रसाचा विचार करताना अभिनवगुप्ताने शाकुंतलातील पळत्या हरिणाचा दाखला घेतला आहे. रसिकाला प्रतीत होणारे भय देशकालाने बांधलेले नसते. ते ना हरिणाचे, ना शत्रूचे, ना स्वतःचे. म्हणूनच ते आस्वाद्य होते. साधारणीकरणाचे हे रूप काव्यात मुक्तिदायी आहे. आकडेशास्त्राची सरासरी हेही एक साधारणीकरणच होय. लाखात इतके, किलोमागे इतके, अशा वाक्यांत भय देशकालातून आणि व्यक्तीतून सुटते आणि कुणाचेच राहत नाही. शास्त्रज्ञाला त्यामुळे शांतपणे विचार करता येतो, आणि ते आवश्यकही आहे. अडचण अशी, की बंधाऱ्याजवळचा माणूस रसिक नसतो. त्याचे भय ‘माझ्या विहिरीचे’, ‘माझ्या पोराच्या खोकल्याचे’ असते. वऱ्हाडात भीतीला ‘भेव’ म्हणतात, आणि हे भेव वाटते ते ‘मले’ वाटते. प्रथमपुरुषी चतुर्थीशिवाय ते उभेच राहत नाही. त्याला सरासरीने उत्तर देणे म्हणजे एका विभक्तीत विचारलेल्या प्रश्नाचे दुसऱ्याच विभक्तीत उत्तर देणे. उत्तर बिनचूक असूनही ते त्या प्रश्नाचे उत्तर नसते.

ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटॉरिक’च्या दुसऱ्या खंडात भयाविषयी केलेले निरीक्षण या संदर्भात अधिक उपयोगी पडते. भय माणसाला विचारविनिमयाकडे नेते, कारण जेथे सुटकेची आशा उरलेली नाही तेथे कुणी सल्लामसलत करीत नाही, असे तो म्हणतो. याचा अर्थ, भ्यालेला माणूस विचार करू शकत नाही हा पत्रक लिहिणाऱ्याचा गृहीत समज उलटा आहे. भीती हा बहुधा प्रश्नाचाच एक प्रकार असतो, आणि तो प्रश्न पदार्थाइतकाच बोलणाऱ्याविषयीही असतो : तुम्ही हे मोजले का? कोणत्या महिन्यात? मोजणाऱ्याचा पगार कोण देतो? चुकलात तर कोण भरून देणार? पदार्थाविषयीचा आकडा कितीही बरोबर असला तरी बोलणाऱ्याविषयीच्या प्रश्नाला तो उत्तर नव्हे. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण अशा वेळी हमखास पुढे केली जाते. ती वापरणाऱ्याने भित्याच्या मागे खरोखर कोण आहे हे वळून पाहिलेले असते काय, हा प्रश्न म्हणीच्या पोटात मावत नाही.

राखेच्या बाबतीत मराठी भाषा स्वतःच एक पक्षकार होऊन बसते. ‘राख’ हा शब्द संस्कृत ‘रक्षा’पासून आला; राखणारी ती राख. ती कपाळाला अंगारा म्हणून लागते, राजराजेश्वरासारख्या शिवालयाच्या गावात तिला भस्म म्हणून मान आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिने भांडी घासली, धान्याची कीड रोखली, भाजीच्या वाफ्यावर ती उधळली गेली. गावाच्या वसतीच्या मातीला ‘पांढरी’ म्हणतात, त्या पांढरीच्या थरांत शतकानुशतकांची चुलीची राख मिसळलेली आहे. या सर्व पुण्याईचा वारसा वीजकेंद्राच्या राखेला आपोआप मिळतो. राखच ती, तिला काय भ्यायचे, असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. एका राखेवरचा विश्वास दुसरीला उसना देत असतो. परंतु लाकूड व शेणी यांची राख आणि भूगर्भातून काढलेल्या कोळशाची राख ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. दुसरीत भूस्तरांतील धातूंचे अंश एकवटलेले असतात. गंमत अशी, की आश्वासन द्यायचे असते तेव्हा ‘राख’ हा घरगुती शब्द येतो आणि जबाबदारीचा विषय निघाला की ‘फ्लाय अॅश’ हा तांत्रिक शब्द. हा शब्दबदल ज्याला टिपता येतो, त्याला फसवणूक कोठे सुरू होते हेही टिपता येते.

शब्दांचा हा झगडा केवळ मराठीतला नाही. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये कोळशाच्या राखेसाठी नियमांचे दोन पर्याय मांडले, तेव्हा वादाचा एक मोठा भाग ‘घातक’ या शब्दाभोवती फिरला. हा शब्द चिकटला तर राखेच्या विटा व सिमेंट कुणी घेणार नाही, असे उद्योगांचे म्हणणे होते. म्हणून कठोर पर्यायातसुद्धा ‘विशेष कचरा’ असे सौम्य नाव सुचविण्यात आले. अखेरच्या नियमांत राख अघातक वर्गातच राहिली. पदार्थ तोच, मोजमापे तीच. निर्णय पुष्कळ अंशी विशेषणावर झाला. या वादाची पार्श्वभूमी डिसेंबर २००८ मधील किंग्स्टनच्या दुर्घटनेची होती. टेनेसी राज्यातील त्या वीजकेंद्राच्या राखतलावाचा बांध फुटून लक्षावधी घनमीटर राख नदीत व वस्तीत आली. सफाईला लावलेल्या कामगारांपैकी अनेक पुढे आजारी पडले आणि न्यायालयात गेले. दिवसाला अर्धा किलोभर राख खाल्ली तरी काही होत नाही असे आपल्याला सांगितले गेले, अशी साक्ष तेथे झाली. २०१८ मध्ये ज्यूरीने, कंत्राटदार कंपनीने आपले कर्तव्य पाळले नाही, असा कौल दिला. अतिशयोक्तीने दिलेले आश्वासन हे केवळ असत्य नसते. त्या वाक्यामुळे मुखपट्टी मागणारा कामगार भित्रा ठरतो, आणि ती न मागणारा आजारी पडतो.

येथवरचे विवेचन वाचून भीतीची बाजू घेणे हाच आदर, असा निष्कर्ष काढणे सोयीचे होईल. तो चुकीचा आहे. भीतीलाही स्वतःच्या अफवा असतात. कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा अधिक किरणोत्सर्गी असते, हे वाक्य पर्यावरणाच्या चळवळींत पुष्कळदा ऐकू येते. त्याचे मूळ १९७८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या मॅकब्राइड व सहकाऱ्यांच्या लेखात शोधता येते. तेथील तुलना, सुरळीत चालणारे अणुवीजकेंद्र आणि कोळशाचे केंद्र यांच्या हवेतील उत्सर्जनामुळे आसपासच्या लोकांना मिळणाऱ्या मात्रांची होती. वापरून झालेल्या अणुइंधनाशी राखेची तुलना तेथे नव्हती. कोळसा जळाला की त्यातील युरेनियम व थोरियमचे अंश राखेत एकवटतात हे खरे. परंतु अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे राखेची किरणोत्सर्गिता सामान्य खडक व माती यांच्याहून फारशी वेगळी नसते. बंधाऱ्याखालच्या गावाची बाजू न्याय्य आहे म्हणून तिच्यासाठी हे वाक्य वापरणे क्षम्य ठरत नाही. ज्याला खरी माहिती पेलणार नाही असे समजून सोयीचे भय पुरविले जाते, त्याचाही अनादरच होतो. पत्रक काढणारा अधिकारी आणि भय पुरविणारा कार्यकर्ता यांचे श्रोत्याविषयीचे मत या ठिकाणी सारखेच असते.

मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात, बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे त्याच्या शब्दाला मिळणारी पत कमी होते, या अन्यायाचे विश्लेषण केले आहे. विहिरीचे पाणी बदलले असे गावकरी बाई सांगते आणि तो तिचा गैरसमज ठरतो, तेव्हा नेमके हेच घडते. पण पत देणे म्हणजे मान्य करणे नव्हे. तिचे म्हणणे तपासण्याजोगे मानणे, तपासणे, आणि निष्कर्ष तिच्या विरुद्ध गेला तरी तो तिला समजेल व खोडता येईल अशा रूपात तिच्या हाती देणे, एवढाच त्याचा अर्थ. पर्यावरणविषयक जनसुनावणीच्या आधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. परंतु मूळ अहवाल, त्यातील कोष्टके आणि जोडपत्रे बहुधा इंग्रजीतच राहतात. सारांशात निष्कर्ष असतात आणि ते खोडून काढायला लागणारा पुरावा दुसऱ्या भाषेत असतो. ‘आपण’, ‘कृपया’, ‘मान्यवर’ यांनी ही उणीव भरून निघत नाही.

आणि भीतीची किंमत कोण देतो, हा प्रश्नही टाळता येत नाही. नागपूरजवळील बोरखेडी येथील प्रकरण या दृष्टीने अस्वस्थ करणारे आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात पडून असलेला सुमारे साडेतीनशे टन विषारी कचरा बोरखेडीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळावा, असे २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरले. विदर्भात तीव्र विरोध झाला, महाराष्ट्र शासनाने नकार दिला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, आणि बेत बारगळला. नागपूरकरांची भीती निराधार नव्हती. भट्टी योग्य आहे काय, चाचणी झाली काय, भोपाळचे नाव घेतल्यावर कुणाचे आश्वासन ग्राह्य धरायचे, हे सर्व प्रश्न रास्त होते आणि त्यांची समाधानकारक उत्तरे त्यांना मिळाली नाहीत. परंतु त्या नकाराने कचरा नाहीसा झाला नाही. तो भोपाळमध्येच राहिला, १९८४ मध्ये ज्यांनी सर्वाधिक सोसले त्यांच्याच वस्त्यांशेजारी, आणखी तेरा वर्षांहून अधिक काळ. जर्मनीत नेण्याची योजना २०१२ मध्ये फसली. २०१५ मध्ये पिथमपूरला दहा टनांची चाचणी झाली. जानेवारी २०२५ मध्ये उरलेला ३३७ टन कचरा बंद कंटेनरांतून पिथमपूरला नेला गेला, तेव्हा तेथेही तेच भय आणि तोच रोष उसळला.

उल्‌रिख बेक यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या ‘जोखीम समाजा’च्या सिद्धांतानुसार आधुनिक धोके वर्गांच्या सीमा ओलांडून सर्वांना गाठतात. विदर्भातील अनुभव याला पुरता दुजोरा देत नाही. ज्याची भीती संघटित, शहरी आणि न्यायालयापर्यंत पोचणारी, त्याच्या दारातून धोका पुढे सरकतो. जेथे भीतीला वकील मिळत नाही तेथे तो मुक्काम करतो. जुन्या शहरातील कुटुंबापुढचा विटेचा प्रश्न लहान दिसतो, पण त्याची घडण हीच आहे. राखेची वीट नाकारली तर तिच्या जागी मातीची वीट येईल, म्हणजे कोठल्यातरी शेतावरचा सुपीक थर खणला जाईल. आणि न वापरलेली राख बंधाऱ्यातच राहील, दुसऱ्या कुणाच्या शेताच्या वर. ही गोष्ट त्या कुटुंबाला सांगणे आवश्यक आहे, पण अपराधी वाटावे म्हणून नव्हे. घरात राहणाऱ्याला धोका फार कमी, गवंड्याला थोडा अधिक, कापताना वीट ओली करा, विक्रेत्याकडे चाचणीचा दाखला मागा, आणि वीट नको असेल तर तिचा भार कुठे जातो हे पाहून मग नको म्हणा : इतके साधे, खोटे ठरू शकणारे, म्हणून विश्वासार्ह असे बोलणे शक्य आहे. ओनोरा ओ’नील यांनी २००२ च्या रीथ व्याख्यानांत विश्वासापेक्षा विश्वासार्हतेवर भर दिला, तो याच अर्थाने. विश्वास ठेवा असे सांगता येत नाही. तपासता येईल असे काही समोर ठेवता येते.

पिथमपूरचे दहन ३० जून २०२५ रोजी पूर्ण झाले. चुना वगैरे द्रव्ये मिसळावी लागल्यामुळे मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक वजनाची राख आणि अवशेष उरले, आणि ही राख पुरायची कोठे, हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला.